ओ दिल्याशिवाय बोलायचं नाही

त्याने मला हाक मारली होती आणि मी ओ दिली नाही. एवढंच सांगायचं होतं त्याच्या आईला. पण ते सांगायला मला वर्षाहून जास्त लागलं, आणि त्या वर्षात नवऱ्यालाही मी काही बोलले नाही. तशी मी फटकळ. बाजारात भाजीवालीशी भांडून मूठभर मिरच्या जास्तीच्या घेणारी. सासूबाई चारचौघांत सांगतात, "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही." खरं आहे त्यांचं. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडात भिजली, फुगली आणि कुजली, तरी बाहेर आली नाही.

सुरुवात गेमपासून करावी लागेल, आणि गेम म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. करा. गोंदियाजवळच्या गोरेगावात माझ्या नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फोनची काच बदलली की टच नीट चालतो का हे बघायला तो बंदुकीचा गेम लावायचा. शंभर जण एका बेटावर उतरतात, चार-चार जणांचे गट असतात, शेवटपर्यंत जो गट जिवंत राहील तो जिंकला. दुपारी जेवणाचा डबा घेऊन मी दुकानात जायची, गिऱ्हाईक नसलं की बसून राहायची. एकदा त्याने माझ्या हातात फोन दिला, "घे, तूही मार दोन-चार." पंधरा दिवसांत त्याला पस्तावायची पाळी आली. मी त्याच्यापेक्षा बरी मारत होते.

तेव्हा बेटावर सगळेच अडाणी. दोन अंगठ्यांनी खेळायचं, दिसला माणूस की पळत जाऊन गोळ्या झाडायच्या, त्या आभाळात जायच्या. कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर शिरल्यासारखा नुसता गोंधळ. मग कोणीतरी शिकलं की हेडफोन लावला तर पावलं ऐकू येतात, डाव्या कानात की उजव्या, वरच्या मजल्यावर की खाली. महिन्याभरात सगळ्यांनी हेडफोन लावले. मग लोक हळू चालायला लागले, कारण आता सगळ्यांनाच ऐकू येत होतं. मग अंगठ्यांच्या जोडीला दोन बोटं आली, फोन टेबलावर ठेवून चार बोटांनी खेळायचं. सासूबाईंना वाटायचं मी पेटी वाजवते. मग लोक कोपऱ्यामागचा माणूस दिसायच्या आधीच गोळी मारू लागले, कारण कोपऱ्यामागे लपायचं हेही आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. जी हुशारी मी रविवारी केली ती पुढच्या रविवारी समोरचा माझ्यावरच करायचा. या गेममध्ये कोणी शहाणं राहत नाही, फक्त आठवडाभर पुढे राहतं.

माईक मी बंद ठेवायची. बाईचा आवाज ऐकला की खेळणाऱ्यांची जीभ किती सैल सुटते ते मी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या आणि माईक बंद केला. तो आल्यावर पुन्हा सुरू केला.

तो दरेकशाचा, रेल्वेच्या घाटातल्या जंगलातल्या गावचा. जंगल खात्याच्या कामावर रोजीने जायचा. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून आगपट्टे साफ करायचे, तेंदूच्या दिवसांत पानं तोडायची, पावसाळ्यात रोपं लावायची. बाजाराच्या दिवशी फुटलेल्या काचेचा फोन घेऊन दुकानात आला. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, पण नवऱ्याला भाऊ म्हणाला आणि त्यामुळे मी त्याची वयनी झाले. काच बदलून झाल्यावर नवऱ्याने गेम लावून दिला. "पहा, टच बरोबर आहे का." त्याने अख्खा डाव खेळला. एक गोळी झाडली नाही. नुसता बसला, सरकला, बसला. शंभरांत चौथा आला.

नवरा हसून हसून लाल. "अबे, बंदूक कायले देली तुले? चालव ना!"

"तो जाऊन राहिला होता ना, भाऊ," तो म्हणाला. "जाणाऱ्याले कायले छेडाचं?"

मला हसू आलं नाही. मी त्याचा डाव मागून बघितला होता. लपायचं म्हटलं की आम्ही सगळे झाडामागे जायचो. तो झाडाच्या पुढे, झुडपात बसला होता. मी विचारलं, हे कसं? म्हणाला, "येणारा माणूस पहिले झाडाकडंच पाह्यते, वयनी. समोरचं झुडूप त्याले दिसत नाही." मग म्हणाला, गवताकडे बघत जा. वारा एका बाजूने आहे, सगळं गवत एकीकडे हलतं, माणूस जिथे सरकतो तिथलंच उलटं हलतं. मी दोनेक वर्षं ते गवत बघत होते, मला ते कधी दिसलं नव्हतं. आलेल्या वाटेने परत जायचं नाही, हेही त्याचंच. मला जो खेळ येतो त्यातला अर्धा मी त्याच्याकडून घेतला, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

त्याच्या घरी रेंज नव्हती. स्टेशनवर वायफाय होतं, म्हणून तो संध्याकाळच्या आत कामावरून सुटला की स्टेशनवर यायचा. प्लॅटफॉर्मवर बसलं की कोणी ना कोणी विचारायचं, कुठे जाऊन राहिला, म्हणून प्लॅटफॉर्म संपतो त्याच्या जरा पुढे, पळसाच्या झुडपांपाशी एका दगडावर बसायचा. तिथवर वायफाय पोचायचं. फोन लागायचा नाही, पण गेम चालायचा आणि गेममधला आवाज यायचा. घाट चढणाऱ्या मालगाड्या त्याच्या माईकमधून आमच्या कानात यायच्या. गाडी आली की पावलं ऐकू यायची नाहीत, म्हणून एका गटातले आम्ही तिघंही, मी, नवरा आणि तो, जिथे असू तिथे खाली बसायचो, गाडी जाऊ द्यायचो, मग उठायचो. चौथा कोणीतरी परका असायचा, तो शिव्या द्यायचा, "क्यों बैठ गए सब?" गोरेगावात दुकानात बसून मी दरेकशाची मालगाडी जायची वाट बघायची. नवरा म्हणायचा, आपल्याला टाइमटेबल पाठ झालं.

गोंदियाचा एक गट होता. रविवारी दुपारी चारला त्यांच्याशी आमचा सामना ठरलेला. त्यांचा म्होरक्या आवाजांची नक्कल करायचा. गेममध्ये दोन माईक असतात, एक फक्त आपल्या गटाला ऐकू जाणारा, एक जवळपासच्या सगळ्यांना, आणि आमचे दोन्ही बहुधा चालूच असायचे. एका रविवारी डाव ऐन रंगात असताना माझ्या कानात आवाज आला, "वयनी, पडलो मी, उचला." गेममध्ये गोळी लागून माणूस पडला की गटातल्या दुसऱ्याने थोड्या वेळात त्याला उचलायचं असतं, नाही तर तो मेला. मी धावत गेले. घरात शिरले तर तिथे गोंदियाचे दोघे. मला मारलं आणि वरून खिदळले, "आइए वयनी, बैठिए वयनी!" हुबेहूब त्याचा आवाज, तोच लांबवलेला शेवट, तोच जरासा नाकातला सूर. कोणाच्या नावापाशी खूण पेटते ते बघितलं तर कळतं कोण बोललं, पण धावपळीत कोण बघतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन टेबलावर आपटला, नवरा म्हणाला, "फोड, फोड. काच घरचीच आहे."

त्या दिवशी डाव संपल्यावर तो हळूच म्हणाला, "वयनी, माह्या मायची एक रीत हाये."

त्याची आई जंगलात वाढलेली. मोह वेचायला, सरपणाला, पानांना जन्मभर जंगलात गेलेली. तिने त्याला लहानपणी शिकवलं होतं, जंगलात कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. ती चकव्याची असू शकते. चकवा म्हणजे जो माणसाची वाट चुकवतो आणि गोल गोल फिरवतो. चकव्याला तिसरी हाक मारता येत नाही, तिसरी मारतो तो माणूस. तिसऱ्या हाकेला मात्र ओ द्यायचीच. मग तो कोणी का असेना, वैरी का असेना.

मला ही रीत इतकी आवडली की मी त्याच दिवशी कायदा केला. तीनदा हाक मारायची. समोरून ओ आली की मगच बोलायचं, कुठे आहे, काय झालं, ते सगळं नंतर. ओ दिल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, कारण गोंदियाचे कान लावून बसलेले असायचे. पुढचे कितीतरी रविवार आम्ही जिंकलो. तो म्होरक्या "वयनी, उचला, उचला" करून घसा कोरडा करायचा आणि आम्ही हसत बसायचो. एकदा तर मी त्याला सगळ्यांच्या माईकवर सांगितलं, "भाऊ, खोकल्याचं औषध पाठवू का?"

पण सांगितलं ना, इथे कोणी कायमचं शहाणं राहत नाही. त्यांनी ओळखलं. एका रविवारी तीन हाका आल्या, शांतपणे, एकेक श्वास सोडून. मी ओ दिली, उठले आणि मेले.

मग मी नियम उलटा केला. ही अक्कल माझी, दुसऱ्या कोणाची नाही. मी म्हटलं, आता दोन हाका आपल्या, तीन हाका त्यांच्या. दोनदा हाक आली की ओ द्यायची. तिसरी आली की समजायचं, गोंदिया.

मालगाडी जात होती. गाडी गेल्यावर म्हणाला, "वयनी, मले हे बरं नाही वाटत. तिसऱ्या हाकेले ओ नाही देनं, माय म्हणते पाप लागते."

आणि मी म्हणाले, "तुमच्या मायले गेम खेळता येते का?"

तो हसला. नवराही हसला. मीही हसले. त्या हसण्याचा आवाज आजही कानात आहे, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तो म्हणाला, "बरं, तुमी म्हणान तसं." तो कधीच भांडायचा नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मी भांडणाऱ्याचं ऐकते.

त्यानंतरचा दुसराच रविवार. दसरा होऊन गेला होता, लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू होती. चारचा सामना. नवरा डावाच्या सुरुवातीलाच मेला आणि हेडफोन काढून एका गिऱ्हाईकाशी बोलायला लागला. मी एका पडक्या घरात होते. तो टेकडीवर गवतात बसला होता, मला नकाशावर त्याचा ठिपका दिसत होता. मालगाडी आली. मी खाली बसले. गाडीचा आवाज कानात भरलेला होता, तेवढ्यात त्यातून आलं,

"वयनी."

मी थांबले.

"वयनी."

ओ माझ्या ओठांवर आली होती. दोन हाका म्हणजे आपला माणूस. पण मी जराशी थांबले, तिसरी येते का बघायला. दोनच्या पुढे तिसरी येत नाही ना, हे कळायला थांबावंच लागतं, हे नियम करताना माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

"वयनी."

मी हसले. हो, हसले. मनात म्हटलं, आला नकल्या. आणि बोटाने आवाज बंद केला, गटाचा आणि बाहेरचा, दोन्ही. नावापाशीची खूण पेटली होती का? बघितली असेल तर ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती ओळखली नाही. बघितली नसेल तर निष्काळजीपणा. रोज यातलं एक खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. त्यानंतर त्याने चौथी हाक मारली का, साप म्हणाला का, काय म्हणाला, ते मला कधीच कळणार नाही. मी कान बंद केला होता.

थोड्या वेळाने मीही मेले. आपण मेलो की गटातल्या जिवंत माणसाच्या डोळ्यांनी डाव बघता येतो. गिऱ्हाईक गेलं होतं, नवरा माझ्या शेजारी येऊन बसला आणि आम्ही दोघं त्याच्या डोळ्यांनी बघू लागलो. समोर गवत. हलणारं, एका बाजूला झुकणारं गवत. तो हलत नव्हता. गोंदियाचा एक जण त्याच्या समोरून गेला, त्याने गोळी झाडली नाही. दुसरा गेला, तरी नाही. "काय बसला आहे पहा!" नवरा म्हणाला. "पापणी हलवत नाही पठ्ठ्या." मी टाळी वाजवली. "शाब्बास, भाऊजी! असेच बसा!" खेळायची जागा चहूबाजूंनी आक्रसत आली, बाकीचे एकेक करून मेले, शेवटी तो आणि गोंदियाचा एक, दोघेच उरले. गोंदियावाल्याला आमचा माणूस सापडेना. शेवटच्या क्षणी आक्रसणारी कडा आमच्या माणसाच्या अंगावरून गेली आणि तो मेला. दुसरा नंबर. त्या दिवशी आमच्यातला सगळ्यात चांगला नंबर.

त्या वेळी तो दगडावर नव्हताच. फोन दगडावर चालू होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. दगडाखाली परड होती, पुस्तकात जिला घोणस म्हणतात. पायाच्या घोट्यापाशी चावली. मालगाडीच्या आवाजात प्लॅटफॉर्मवर कोणाला ऐकू गेलं नसेल. तो फोन तिथेच टाकून पायवाटेने घराकडे चालत निघाला. चालायचं नसतं, विष चढतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. अर्ध्या वाटेत पडला. धान कापून येणाऱ्या बायांना सापडला. दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं दिली, तिथले डॉक्टर एवढंच म्हणाले की खूप वेळ गेला होता. सकाळी गेला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोटरसायकलने गेलो. त्याची आई दारात बसली होती. लहानखुरी, काटक, डोळे कोरडे. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारत होती. "एवढा लंबा चालत आला माहा पोरगा. कोनालेच कशी हाक नाही मारली त्यानं? त्याच्या तोंडातून हाक कशी नाही निंघाली?" कोणी म्हणालं, घाबरला असेल. कोणी म्हणालं, जीभ जड पडली असेल. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मारली असन का वं, बाई, कोनाले?" माझा नवरा म्हणाला, "नाही, माय. आम्हाले काही समजलं नाही." तो खरंच बोलत होता. मी मान खाली घातली.

तिची जीवघेणी शंका ही होती की आपला पोरगा शेवटी इतका एकटा होता की त्याला हाक मारायलाही कोणी सुचलं नाही. आणि तिचं उत्तर माझ्या तोंडात होतं.

महिनाभर मी फोनला हात लावला नाही. मग लावला. लोकांना वाटतं असं काही झालं की माणूस सोडून देतो. मी उलट जास्त खेळले. मला ती हाक पुन्हा ऐकायची होती, गोंदियाच्या तोंडून, म्हणजे मला म्हणता आलं असतं, बघ, तेव्हाही हाच होता. पण तो म्होरक्या आता नक्कल करेना. घरात कुणी मला तीनदा हाक मारली की मी कानांवर हात ठेवायची. सासूबाईंना मी एकदा ओरडून म्हणाले, "दोनदा मारा, चारदा मारा, तीनदा नका मारू मले!" त्या रुसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, सुनेचं डोकं गेलं त्या मोबाईलपायी. तेही काही खोटं नाही.

आणि त्याचा खेळ बेटावर पसरत चालला होता. गोंदियाचे लोक झाडाच्या पुढच्या झुडपात बसायला लागले, मग कुठले कुठले परके लोक. आमच्या हातून मेलेल्यांनी आमचं शिकलं होतं, त्यांच्या हातून मेलेल्यांनी त्यांचं. एकदा माझ्यासमोर गवतात एक जण बसलेला दिसला, अगदी तसाच, बंदूक खाली, वाऱ्याकडे पाठ. मला त्याला मारता येत होतं. मी उभी राहिले. म्हटलं, मार, बाबा. त्याने मारलं. नवरा म्हणाला, "अवो, झोपली का तू?" मालगाडी कुठेच नव्हती, तरी मी दर थोड्या वेळाने खाली बसायची आणि काहीतरी जायची वाट बघायची.

शेवटी मी विचारलं. रविवारचा डाव संपला होता, म्होरक्याच मला म्हणाला, "भाभी, वो आपका भाईजी दिखता नहीं आजकल. जो हिलता नहीं था." वर्ष उलटून गेलं होतं आणि त्याला माहीतच नव्हतं. मी सांगितलं, गेला. मग मी विचारलं, दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी, ज्या दिवशी तो दुसरा आला, तीनदा वयनी म्हणून हाक तू मारली होतीस का? माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला. हो म्हण, मी मनात म्हणत होते, हो म्हण रे बाबा, तुझ्या पाया पडते.

"नहीं, भाभी," तो म्हणाला. "उस दिन तो मैं उतरते ही मर गया था. बाहर चाय पी रहा था. याद है मुझे, क्योंकि सबने आकर बोला, वो बंदा मिला ही नहीं."

त्या आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं. तो खूप वेळ स्क्रू गोळा करत राहिला, मग म्हणाला, "मी येऊ का संग?" मी म्हटलं, नको. गोंदियाला जाऊन पॅसेंजर धरली आणि दरेकशाला उतरले. त्या टोकाच्या दगडाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. पळस तसाच होता.

ती अंगणात होती. धान वाळत घातलं होतं आणि ती पायाने ओळी काढत त्यातून फिरत होती, वर-खाली करत. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"गोरेगावची? दुकानवाली?"

"हो, माय."

"बस."

मी बसले नाही. बसले असते तर इकडचं-तिकडचं बोलले असते, चहा झाला असता आणि परतीची गाडी आली असती. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "माय, त्यानं हाक मारली होती."

तिचे पाय थांबले. "कोनाले?"

"मले."

"किती खेपा?"

"तीन."

"मंग तू ओ काऊन नाही देली?"

मी सगळं सांगितलं. गेम, गोंदिया, नक्कल, तिची रीत आम्ही कशी घेतली आणि मी ती कशी उलटी केली. तो नको म्हणत होता हे सांगितलं. तिला गेम खेळता येतो का असं मी म्हणाले होते, तेही सांगितलं. सांगताना मी रडत नव्हते, भांडत होते, स्वतःशीच, हातवारे करून. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. मधे एकदाच म्हणाली, "म्हंजे तुमच्या खेळात बी चकवा हाये." मी हो म्हटलं.

मग तिने विचारलं, "मले नाही बलावलं? माय नाही म्हणला?"

इथे खोटं बोलायला जीव तयार होता. एक शब्द, आणि म्हातारीला जन्मभराचं पुरलं असतं. पण मी आधीच एकदा तिच्यासमोर मान खाली घालून बसले होते.

"नाही, माय. कान मीच बंद केला. त्याच्यापुढं काय म्हणला, मले नाही मालूम."

तिने पुन्हा पाय टाकायला सुरुवात केली. धानातून एक ओळ गेली, वळली, दुसरी आली. ती मला हाकलेल, शिव्या देईल, निदान थुंकेल, अशी मी वाट बघत होते आणि मला ते हवंच होतं. तिने पाठ केली होती. अंगणाच्या टोकाला जाऊन, पाठ तशीच ठेवून, ती म्हणाली,

"कसा म्हणला? म्हणून दाखव."

"माय, नको."

"दाखव. कसा आवाज होता त्याचा?"

वर्षभर ज्याची नक्कल दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मी तडफडत होते, ती माझ्याच घशात होती. मी डोळे मिटले. तसाच नाकातला सूर, तसाच शेवट लांबवला. "वयनी," मी म्हणाले.

आणि दुसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला.

"ओ," ती म्हणाली. "आली रे, बापू. आली."